घर कधी पुरं होत नाही!

आमचा फ्लॅट घ्यायचा ठरला तेव्हाची गोष्ट. बिल्डरच्या ऑफिसातल्या टेबलावर नकाशा पसरलेला. तिथला मुलगा भराभर बोट फिरवत होता : हा हॉल, ही बेडरूम, हे किचन. ह्यांची मान डोलत होती. मी मात्र त्या किचनच्या चौकोनात मनातल्या मनात पिठाचा डबा, मिक्सर, पाण्याचा पिंप आणि पोळपाट मांडून बघत होते. काही केल्या मांडता येईना! शेवटी धीर करून विचारलं, "ओटा या खिडकीखाली घेता येईल का? पोळ्या लाटताना उजेड समोरून येईल. आत्ता आहे तसा ठेवला, तर माझीच सावली पोळपाटावर पडेल."

तो हसला. "वहिनी, आता प्लॅन पास झालाय!"

प्लॅन पास झाला की विषय संपला. राहायचं आपण, रांधायचं आपण, पण विचारायचं मात्र कुणी नाही. मग आपण राहायला जातो आणि दोन-चार वर्षांत काय काय करतो, आठवा बरं! बाल्कनीला ग्रिल लागतं, तिथे तुळस आणि वॉशिंग मशीन शेजारी-शेजारी नांदतात. मुलगी दहावीत गेली की हॉलचा एक कोपरा पडदा लावून तिला दिला जातो. सासूबाई गावाहून कायमच्या राहायला आल्या की जेवणाचं टेबल भिंतीला टेकतं आणि तिथे दिवाण येतो. वर कुणीतरी पाहुणा म्हणतोच, "काय हे! चांगल्या घराचं काय करून टाकलंत!"

कितीतरी वर्षं मलाही वाटायचं, आपण घर बिघडवतोय. मग एका मोठ्या वास्तुशिल्पज्ञाची माहिती वाचनात आली आणि मनावरचं ओझं उतरलं. आपण बांधलेली घरं माणसं बदलतात याचं त्यांना वाईट तर वाटत नव्हतंच, उलट ती बदलता यावीत अशीच त्यांनी बांधली होती! त्यांचं नाव बाळकृष्ण विठ्ठलदास दोशी. वास्तुकलेतलं जगातलं सर्वांत मानाचं प्रिट्झकर पारितोषिक मिळवणारे ते पहिले भारतीय. आणि भगिनींनो, त्यांचा जन्म आपल्या पुण्यातला!

पुण्यातलं वाढतं घर

२६ ऑगस्ट १९२७ रोजी पुण्यात एका गुजराती वैष्णव कुटुंबात दोशींचा जन्म झाला. घराण्याचा धंदा फर्निचरचा. लाकडाचा भुसा, रंधा, खुर्च्यांचे पाय हे सगळं लहानपणापासून डोळ्यांसमोर. आई ते तान्हे असतानाच गेली. आजोबा, काका, आत्या, चुलत भावंडं अशा भरल्या घरात हा आईवेगळा मुलगा वाढला.

ते घर स्वतःही वाढत होतं. कुणाचं लग्न झालं, एक खोली वाढली. पोरंबाळं झाली, वर मजला चढला. एकदा बांधलं आणि कुलूप लावलं, असा मामला नव्हता. घरातल्या माणसांबरोबर घर मोठं होत होतं. ही आठवण दोशी म्हातारपणापर्यंत सांगत. मला तर वाटतं, त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाचं बी याच घरात पेरलं गेलं.

ब्रेड, चीज आणि ऑलिव्ह

१९४७ साली, देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी, त्यांनी मुंबईच्या जे. जे. मध्ये वास्तुकलेचा अभ्यास सुरू केला. १९५० मध्ये ते लंडनला गेले. पुढल्या वर्षी तिथे जवळच जगभरच्या आधुनिक वास्तुशिल्पज्ञांची परिषद भरली होती. फ्रान्समधले विख्यात वास्तुशिल्पज्ञ ल कॉर्बुझिए आपल्या पंजाबसाठी चंदीगढ हे नवं शहर आखत होते, त्याची तिथे चर्चा होती. या तरुणाने त्यांच्याकडे कामाला येण्याची तयारी दाखवली. उत्तर आलं : या, पण पहिले आठ महिने पगार मिळणार नाही!

आपल्यापैकी कुणाच्या मुलानं असं काही ठरवलं, तर आपण काय म्हणू? पण दोशी गेले. फ्रेंच येत नाही, खिशात पैसे नाहीत, त्यातून शाकाहारी. पॅरिससारख्या शहरात ब्रेड, चीज आणि ऑलिव्हची फळं यांवर त्यांनी दिवस काढले. भाषा येत नसल्यामुळे गुरूचा हात कागदावर कसा फिरतो, ते बघत शिकले.

१९५४ मध्ये ते भारतात परतले आणि अहमदाबादेत कॉर्बुझिएंच्या इमारतींवर देखरेख करू लागले. त्यांतलं एक घर मनोरमा साराभाई यांचं. त्याच्या छपरावर माती घालून हिरवळ लावली होती, घर थंड राहावं म्हणून. आणि मुलासाठी वरच्या मजल्यावरून थेट खालच्या तलावात उतरणारी घसरगुंडी! घर घेणाऱ्या बाईच्या आणि तिच्या मुलांच्या जगण्याचा विचार नकाशात किती करता येतो, हे दोशींनी उभं राहून बांधून घेतलं.

त्याच वर्षी, १९५४ मध्ये, त्यांनी एक शपथही घेतली. समाजातल्या अगदी खालच्या थरातल्या माणसाला नीटसं घर मिळवून द्यायचं आणि ही गोष्ट जन्मभर विसरायची नाही. वय अवघं सत्तावीस. त्या वयातल्या शपथा आपणही घेतलेल्या असतात, पुढे संसाराच्या धबडग्यात त्या कुठे जातात ते कळतही नाही. दोशींची मात्र टिकली.

कमलाबेनच्या नावाचं घर

१९५५ मध्ये कमला पारीख यांच्याशी त्यांचं लग्न झालं. पुढल्याच वर्षी त्यांनी 'वास्तुशिल्प' नावानं स्वतःचं काम सुरू केलं. तेजल, राधिका आणि मनीषा अशा तीन मुली झाल्या. साठीच्या दशकाच्या सुरुवातीला अहमदाबादेत स्वतःचं घर बांधलं, त्याला नाव दिलं पत्नीचं – 'कमला हाउस'.

मोठ्या वास्तुशिल्पज्ञाचं घर म्हणजे संगमरवर आणि झुंबरं असतील असं वाटेल. तसलं काही नाही. उघड्या विटांचं साधं घर. बाहेरच्या भिंतीत मधे पोकळी सोडलेली, म्हणजे अहमदाबादचा उन्हाळा आत शिरायला वेळ लागतो. खोल्यांत उजेड नैसर्गिक, दार उघडलं की बाग. पुढे गरजेप्रमाणे त्यात भरही पडली. स्वतःच्या घराबाबतही त्यांनी 'आता हे पुरं झालं' असं म्हटलं नाही.

मधल्या काळात व्याप वाढतच होता. बडोद्याला खत कारखान्याच्या कामगारांची वसाहत झाली. अहमदाबादच्या मॅनेजमेंट संस्थेच्या इमारतींसाठी अमेरिकेतले थोर वास्तुशिल्पज्ञ लुई कान यांना आणण्यात त्यांचा पुढाकार होता आणि त्या कामात ते सोबत राहिले. १९६२ मध्ये अहमदाबादेत त्यांनी वास्तुकलेची शाळा सुरू केली, आज ती 'सेप्ट' विद्यापीठ म्हणून ओळखली जाते. तिची इमारतही त्यांचीच. बंद वर्ग आणि लांबलचक भिंती यांच्याऐवजी खाली मोकळी जागा, रुंद पायऱ्या, बसायला कट्टे. पोरं वर्गात शिकतात तेवढीच पायरीवर बसून एकमेकांकडून शिकतात, हे त्यांना ठाऊक होतं. बंगलोरच्या मॅनेजमेंट संस्थेत तर त्यांनी दगडी, वेलींनी झाकलेल्या लांब पडव्या काढल्या, जाता-येता माणसं थांबावीत, दोन शब्द बोलावीत म्हणून. आपल्या जुन्या वाड्यातली ओसरी तरी दुसरं काय करत होती?

बिमानगरच्या गच्च्या

आता ज्या गोष्टीनं माझं ओझं उतरवलं, तिच्याकडे येते.

१९७३ मध्ये अहमदाबादेत आयुर्विमा महामंडळासाठी दोशींनी एक वसाहत बांधली. लोक तिला बिमानगर म्हणतात. तीनशेच्या वर घरं. एकाच इमारतीत कमी, मध्यम आणि जास्त उत्पन्नाच्या कुटुंबांची. सगळ्यांत मोठं घर तळमजल्यावर, त्यावर मध्यम, आणि सगळ्यांत लहान घर सगळ्यांत वर. पण वरच्याला गच्ची! घर लहान मिळालं तरी वर आकाश मिळालं. पुढेमागे दोन पैसे हाती आले की तिथेच एक खोली चढवायची सोय.

आणि लोकांनी खरंच चढवली. कुणी गच्चीवर खोली काढली, कुणी पुढचं अंगण आत घेतलं, कुणी जिन्याखाली कपाट केलं. सून आली, नातवंडं झाली, तसतशी घरं बदलत गेली. पन्नास वर्षांत तिथलं एक घर दुसऱ्यासारखं राहिलं नाही. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, "माझ्या सुंदर इमारतीचा सत्यानाश केला!" दोशी या बदलांबद्दल कौतुकानं बोलत. माणसांनी घर आपलंसं केलं याची ती खूणच आहे, असं त्यांना वाटे.

इंदूरचं अरण्य

पण १९५४ च्या शपथेचं काय? गच्चीवर खोली चढवायला मुळात घर तरी हवं ना!

ऐंशीच्या दशकात इंदूरच्या विकास प्राधिकरणानं गरिबांसाठी मोठी वसाहत करायची ठरवली. काम दोशींच्या वास्तुशिल्प फाउंडेशनकडे आलं. त्यांनी आधी काय केलं असेल? इंदूरच्या झोपडवस्त्यांचा बारकाईनं अभ्यास झाला. गरीब माणूस स्वतःचं घर स्वतः कसं बांधतो, दारापुढच्या चार हात जागेत काय काय चालतं. आणि तिथे काय दिसलं? दारापुढचा ओटा! त्यावरच निवडणं-टिपणं, मुलांचं खेळणं, शेजारणींच्या गप्पा, कुणाचं शिवणाचं मशीन, कुणाचं बिड्या-बिस्किटांचं लहानसं दुकान. घराच्या आतल्या खोलीइतकाच तो ओटा घराचा भाग होता.

मग आखली गेली 'अरण्य' वसाहत. ८५ हेक्टर, म्हणजे सुमारे २१० एकर जागा आणि साडेसहा हजारांच्या आसपास प्लॉट. त्यांतले जवळजवळ दोन तृतीयांश अगदी गरीब कुटुंबांसाठी. सगळ्यांत लहान प्लॉट ३५ चौरस मीटरचा, म्हणजे पावणेचारशे चौरस फुटांचा. ऐपतदार मंडळींना मोठे प्लॉट नफ्यानं विकायचे आणि त्या पैशांतून गरिबांचा भार हलका करायचा, असा हिशेब.

आणि गरिबाला काय द्यायचं? पूर्ण घर द्यायला पैसा पुरत नाही, आणि नुसती रिकामी जमीन दिली तर पुन्हा झोपडीच उभी राहणार. दोशींनी मधला मार्ग काढला. पक्कं जोतं, संडास, मोरी आणि पाण्याची सोय, कुणाला जोडीला एक खोली. एवढं आम्ही देतो. बाकीचं तुम्ही जमेल तेव्हा, जमेल तसं बांधा. चार पैसे साठले की एक भिंत. मुलगा मिळवता झाला की माडी. कसं वाढवता येईल हे लोकांना डोळ्यांनी दिसावं म्हणून ८० घरं नमुन्यादाखल बांधून दाखवली. कुठे बाहेरून जिना, कुठे सज्जा, आणि दारापुढे तो ओटा.

बायकांच्या दृष्टीनं बघा. माणसाला सगळ्यांत आधी काय हवं? आपण म्हणू छप्पर. पण वस्तीत राहणाऱ्या बाईला विचारा, ती म्हणेल, आडोशाचा संडास आणि दाराशी पाणी. छप्पर पत्र्याचंही चालतं, पण उजाडायच्या आत उघड्यावर जाणं आणि डोक्यावरून हंडे वाहणं तिच्या अंगावर येतं. अरण्यमध्ये थोडक्या पैशांतून पहिलं बांधलं गेलं ते हेच. खर्च वाचवायला शेजारच्या घरांचे संडास-मोऱ्या पाठीला पाठ लावून घेतल्या, म्हणजे नळ आणि गटारांची लांबी कमी झाली.

वसाहत १९८९ पर्यंत उभी राहिली. १९९५ मध्ये तिला आगाखान पुरस्कार मिळाला. आज ऐंशी हजारांहून जास्त माणसं तिथे राहतात असं सांगतात. सगळं काही ठरल्यासारखंच झालं असं नाही. काही मूळ मालकांनी प्लॉट विकले, त्या जागी ऐपतदारांची तीन-तीन मजली घरं उठली, काही ओटे खोलीत गडप झाले. पण जोत्यावर सुरू झालेली कितीतरी घरं कुटुंबांबरोबर वाढली, हेही तितकंच खरं.

फुटक्या लाद्यांचं छप्पर

गृहिणीला मनापासून आवडेल अशी त्यांची आणखी एक इमारत सांगते. १९८० मध्ये दोशींनी अहमदाबादेत स्वतःचं कार्यालय बांधलं, नाव 'संगत'. इमारतीचा बराच भाग जमिनीत, म्हणजे आत गारवा. वर पालथ्या पन्हळीसारखी गोल छपरं. छपराच्या आत मातीच्या पोकळ नळ्या घातलेल्या, उष्णता अडवायला. आणि वरून पांढऱ्या चिनी मातीच्या फुटक्या लाद्यांचे तुकडे बसवलेले. पांढरं असल्यानं ऊन परत फिरतं, आणि माल तर टाकाऊ! पावसाचं पाणी छपरांवरून ओघळत पन्हळींतून खालच्या कुंडांत उतरतं.

फुटक्या बरणीत कोथिंबीर लावणाऱ्या आणि जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवणाऱ्या आपल्याला हे वेगळं शिकवायला नको. फरक इतकाच, की आपण केलं तर ती काटकसर आणि त्यांनी केलं तर ती कला. पुढे चित्रकार एम. एफ. हुसेन यांच्यासाठी त्यांनी अहमदाबादेत जमिनीखाली जी 'गुफा' बांधली, तिच्या घुमटांवरही अशाच लाद्यांचे तुकडे आहेत.

नव्वदी आणि मानसन्मान

पद्मश्री १९७६ मध्येच मिळाली होती. पण सगळ्यांत मोठा मान यायला वयाची नव्वदी उलटावी लागली. २०१८ मध्ये प्रिट्झकर जाहीर झालं, तेव्हा त्यांनी त्याचं श्रेय दिलं गुरू कॉर्बुझिए यांना. २०२० मध्ये पद्मभूषण आलं. २०२२ चं ब्रिटनचं रॉयल सुवर्णपदकही त्यांनाच. २४ जानेवारी २०२३ रोजी, वयाच्या ९५ व्या वर्षी, अहमदाबादेत ते गेले. दुसऱ्याच दिवशी पद्मविभूषण जाहीर झालं. नात खुश्नूही वास्तुशिल्पज्ञ आहे, आजोबांचं काम ती पुढे नेते आहे. पुण्याच्या फर्निचरवाल्यांच्या घरावर मजले चढत गेले, तशीच ही एक पिढी वर चढली म्हणायची!

आपल्या घरासाठी

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं मोठ्या माणसांचं, आपल्या दोन खोल्यांत याचा काय उपयोग? माझ्यापुरता मी काढलेला बोध सांगते.

नवं घर घेत असाल, तर नकाशा टेबलावर आला की आपणही खुर्ची ओढून बसावं. 'मला काय कळतं त्यातलं' असं म्हणू नये. दिवसाचे सहा तास स्वयंपाकघरात आपण उभ्या असतो. ओट्याची उंची आपल्या कोपरापेक्षा जरा खाली आहे ना, उजेड कुठून येतो, ओली भांडी कुठे निथळणार, हे विचारायचा हक्क आपलाच.

पैसे कमी असतील तर आधी पाणी, मोरी, संडास आणि वीज यांचं काम पक्कं करून घ्यावं. पीओपीची छतं आणि काचेची कपाटं मागाहून होतात.

सगळं फर्निचर एकदम भिंतीत ठोकून टाकू नये. मुलं मोठी होतात, माणसं येतात-जातात. एखादी भिंत, एखादा कोपरा रिकामा राहू द्यावा. त्याचं काय करायचं ते पाच वर्षांनी कळतं.

मात्र एक पथ्य पाळायचं. घर बदलायचं म्हणजे हातोडा घेऊन धावायचं नव्हे. खांब, तुळया, इमारतीचा भार पेलणाऱ्या भिंती यांना जाणत्या इंजिनिअरला दाखवल्याशिवाय आणि रीतसर परवानगी घेतल्याशिवाय हात लावायचा नाही. दोशींच्या घरांत वाढीची जागा आधीच राखलेली असे. आपल्या इमारतीत ती नसते, हे विसरून चालणार नाही.

माझा ओटा शेवटी हलला नाहीच. प्लॅन पास झाला होता ना! पण गेल्या दिवाळीत सुताराला बोलावून खिडकीखाली एक फळी बसवून घेतली. बिजागरीची, काम झालं की खाली सोडता येते. आता पोळ्या तिथेच लाटते. सकाळचं ऊन समोरून येतं, पोळपाटावर सावली पडत नाही. परवा ह्यांनी विचारलं, "झालं का एकदाचं तुझ्या मनासारखं घर?"

म्हटलं, "छे! अजून कुठे?"